घळीच्या तोंडावरची चाळीस लेकरं

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून घळीच्या काठापर्यंत एकोणीस पावलं. रोज सकाळी तादेआला कडेवर घेऊन मी ती मोजत असे. माझा नवरा आब्दिआस म्हणायचा की तू घाबरून ढांगा टाकतेस, म्हणून आकडा कमी येतो. मग तो स्वतः मोजायचा. तो माझ्याहून वीतभर उंच, तरी त्याची सव्वीस भरायची.

गेल्या पावसाळ्यात घळीनं आमचा संडास नेला होता. बाहेरून कुलूप लावलेलं होतं, तसाच नेला, आणि दुसऱ्या दिवशी तो खालच्या आळीतल्या मक्याच्या शेतात उभाच्या उभा सापडला. गावाला त्या कुलपाचं कोण कौतुक. माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब फिरत होता: संडासानंतर कोंबड्यांचं खुराडं, खुराड्यानंतर स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून तादेआची खाट. तादेआ दीड वर्षाची, नुकतीच चालायला शिकलेली. ज्या दिशेला जाऊ नये ती दिशा तिला आईच्या पोटातूनच पाठ होती.

घळीचं मूळ वरच्या डोंगरात. हा डोंगर सोलवटलेल्या गुडघ्यासारखा लाल आणि उघडा. पाऊस त्याच्यात मुरायचा नाही, सरळ आमच्या अंगावर यायचा. ओआहाकाला कॉलेजात मी जीवशास्त्र शिकले होते, त्यामुळे त्याला काय हवं ते मला ठाऊक होतं: आडवे दगडी बांध, बांधाच्या मागे घायपाताच्या ओळी, मधे गवत. घायपाताची मुळं माती धरतात आणि वाहून येणारी माती त्याच्या बुंध्याशी साठत जाते. आब्दिआसला मी सांगून टाकलं, पावसाआधी डोंगरावर झाडं लागली नाहीत तर मी पोरीला घेऊन आईकडे ओआहाकाला जाणार. तो नोचिश्तलानच्या रस्त्यावर वडाप टॅक्सी चालवतो आणि त्याच्या आईला एकटं सोडून कुठेही जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी त्यानं टॅक्सी दोनदा धुतली.

मग मी गावसभेत उठून बोलले. आमच्या सान बार्तोलो गावाच्या सभेत तक्रार करणं धोक्याचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथे रस्त्यावर अंधार आहे म्हणणारा दिव्यांचा प्रमुख होतो आणि पाणी येत नाही म्हणणारा टाकीचा. बँड बेसूर वाजतो असं एकदाच म्हणालेले फिलेमोनकाका सहा वर्षं बँडचे प्रमुख आहेत, त्यांना स्वतःला शिट्टीही वाजवता येत नाही. डोंगराचं काहीतरी करायला हवं, असं मी म्हटलं आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत मी डोंगर समितीची अध्यक्ष. समितीत आणखी कोण, असं विचारलं तर सरपंच म्हणाले, "अध्यक्ष आहे ना, पुरे." मला एक शिक्का मिळाला. तो घरी जाईपर्यंत तादेआनं चोखला. मी चार वेळा तिचं तोंड धुतलं आणि रात्रभर तिचा श्वास ऐकत बसले. सकाळी ती ठणठणीत होती, फक्त निळी.

फेब्रुवारीत तेकिओ लागला. तेकिओ म्हणजे गावासाठी करायचं श्रमदान, फक्त जो दान देत नाही त्याचं नाव चर्चच्या दारावर लागतं. वर एकत्र बांधलेल्या दोन काठ्या, मधे आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा, एवढ्या सामानावर आम्ही अख्ख्या डोंगरावर समपातळीच्या रेघा आखल्या. बायकांनी दगड रचले, पुरुषांनी खड्डे खणले आणि घायपाताची पिल्लं, म्हणजे बुंध्याशी फुटणारी रोपं, ओळीनं बसली. घायपाताला काटे असतात, शेळी त्याला तोंड लावत नाही, असं परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. शेळ्यांनी काटे तेवढे शिल्लक ठेवले. चार दिवसांत.

त्यात एकतीस शेळ्या गावातल्या सेलेरिनोकाकांच्या आणि बावीस माझ्या सासूबाईंच्या.

मी परत सभेत गेले. ठराव झाला की डोंगरावर सापडेल ती शेळी गावच्या कोठडीत. पहिल्याच रविवारी काकांचा बोकड आणि सासूबाईंची लाडकी शेळी आत गेली. कोठडी एकच, आणि रविवारी ती एलादिओची असते. पिऊन आल्यावर झोपायला त्याला दुसरी जागा नाही. सोमवारी सकाळी त्यानं सरपंचांना सांगितलं की एकतर त्या दोघांना सोडा नाहीतर मला, त्यांनी माझी टोपी खाल्ली आणि आता माझ्या मिशांकडे बघतायत. सरपंचांनी तिघांनाही सोडलं. ठराव तिथेच संपला.

सासूबाई सहा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जे काही सांगायचं ते तादेआमार्फत. "तादेआ, तुझ्या आईला सांग, भाजी करपतेय." "तादेआ, तुझ्या आईला सांग, शेळीला कोठडी दाखवणारी सून या घरात आजवर आली नव्हती." तादेआ दोन्हीला मान हलवायची.

त्या सहा दिवसांत मला बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी नुसती बघत होते. सेलेरिनोकाका रोज शेळ्या झऱ्यावर नेतात. सरळ वाट फिलेमोनकाकांच्या लसूणघासाच्या शेतातून जाते. कुंपण नाही, राखणदार नाही, घास गुडघाभर हिरवागार. तरी काका एकतीस शेळ्या घेऊन तासाभराचा वळसा घालतात. मी आब्दिआसला विचारलं, असं का? तो म्हणाला, का म्हणजे, फिलेमोन त्यांचे कोम्पाद्रे आहेत.

सेलेरिनोकाकांच्या मुलाचे धर्मपिता फिलेमोनकाका. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं पाणी पडतं लेकराच्या डोक्यावर, पण बांधले जातात मोठे. लेकराचे आईबाप, धर्मपिता आणि धर्ममाता सगळे एकमेकांचे कोम्पाद्रे होतात, बाई असेल तर कोमाद्रे. त्या दिवसापासून एकमेकांना अहोजाहो करायचं. भांडण नाही, नकार नाही. कोम्पाद्रेच्या शेतात आपली शेळी शिरली तर माणूस तोंड दाखवत नाही. सभेचा ठराव आठवडाभर टिकला. हे नातं माणसं मेली तरी टिकतं.

दुसऱ्या दिवशी मी टोपलीत गोड पाव, चॉकलेटच्या वड्या आणि मेस्काल दारूची बाटली घेतली, घायपाताचं एक पिल्लू तादेआच्या शालीत गुंडाळलं आणि सेलेरिनोकाकांच्या दारात गेले. लेकरासाठी धर्मपिता मागायला असंच जायचं असतं. काकांनी शालीचं टोक जपून उचललं.

"पोरी, हे घायपात आहे."

"हो, काका."

"आणि बाटली?"

"बाटली बाटलीच आहे."

त्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग पिल्लाकडे. सान बार्तोलोत धर्मलेकराला नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. काका खूप वेळ काहीतरी पळवाट शोधत होते, हे मला दिसत होतं. शेवटी त्यांना एकच शंका सापडली.

"बाप कोण?"

याची तयारी मी केली नव्हती. म्हटलं, डोंगर.

काकांनी विचार केला. "घराणं चांगलं आहे," ते म्हणाले, "हल्ली तब्येत खालावलीय एवढंच." मग त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. माझं लग्न झाल्यापासून मला अगं पोरी म्हणणारा तो माणूस म्हणाला, "उभ्या का, कोमाद्रे? बसा ना."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या. "तादेआ," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, ज्या माणसानं तुझ्या आजोबांच्या मयतीत लग्नाची धून वाजवली तो चालतो, आणि सदतीस लेकरांची धर्ममाता घरात बसलीय ती चालत नाही?"

ती धून अकरा वर्षांपूर्वीची. सेलेरिनोकाका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. त्या दिवशी ते एका लग्नातून थेट स्मशानात आले आणि ओठांवर होतं तेच वाजलं. तेव्हापासून ते आणि सासूबाई एकमेकांशी बोलत नव्हते, रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही आभाळाकडे बघायचे.

मी सासूबाईंना हात जोडून पाच पिल्लं दिली. शेजारणीला कळलं, तिला दोन. तिच्या जावेला तीन, कारण शेजारणीला दोन. आठवडाभरात एकूण दोनशे बारा घायपातांना धर्मपिता किंवा धर्ममाता मिळाली होती, मी अख्ख्या गावाची कोमाद्रे झाले होते, आणि घरच्यांखेरीज गावातला एकही माणूस मला अरेतुरे करत नव्हता. पिल्लं डोंगरावर लागायची होती, तरी शेळ्या आतापासूनच वळसा घालून जायला लागल्या.

तीन मेला, क्रुसाच्या सणाला, सगळे आपापली पिल्लं लावायला डोंगरावर आले. कुणी पिल्लाभोवती चुन्यानं रंगवलेले दगड लावले, कुणी दृष्ट लागू नये म्हणून तांबडी फीत बांधली. फिलेमोनकाकांनी आपल्या पिल्लाला सावली हवी म्हणून जुनी छत्री रोवली. मी ओळंबा घेऊन धावत होते. कुणालाच ओळीत लावायचं नव्हतं, प्रत्येकाला आपलं लेकरू आपल्या माणसांच्या लेकरांजवळ हवं होतं. पाणी उतारानं येतं, त्याला नाती कळत नाहीत, असं मी ओरडून सांगितलं. फिलेमोनकाका म्हणाले, "कळतील हळूहळू, कोमाद्रे."

तरी भांडून, विनवून मी ओळी सरळ केल्या. सगळ्या, एक सोडून. घळीचं तोंड, आमच्या स्वयंपाकघराच्या अगदी वर, जिथून दरवर्षी काठ ढासळतो, तिथे पिल्लू घेऊन कुणीच येईना. एकेक जण यायचा, खाली वाकून बघायचा आणि नम्रपणे विचारायचा, "इथे लावलं तर जगेल ना, कोमाद्रे?"

मी शिकलेली बाई. खरं बोलले. म्हटलं, सगळी नाही जगणार.

इथेच माझं चुकलं. धर्मलेकरू गेलं तर त्याचे शेवटचे कपडे धर्मपित्यानं आणायचे, कागदी मुकुट आणायचा आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालायचं, अशी आमची रीत आहे. जाणूनबुजून मरणाच्या दारात लेकरू कोण उभं करील? संध्याकाळपर्यंत दोनशे बाराच्या दोनशे बारा सुखरूप जागी लागली होती, आणि जिथे लागायला हवी होती ती जागा तळहातासारखी मोकळी.

मी स्वतः तिथे वीस लावली. आईला आपल्याच लेकरांची धर्ममाता होता येत नाही, म्हणून ती तशीच राहिली, कुणाच्या नावावर नसलेली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या शेळ्यांनी ती फस्त केली. मी रडत घरी आले तेव्हा सासूबाई माझ्याशी थेट बोलायला लागल्या होत्या, त्यामुळे तादेआला मधे पडावं लागलं नाही.

"ती कुणाची कोण होती, सांग बरं?" त्या म्हणाल्या. "माझ्या शेळ्यांनी नात्यातल्या एकाला तरी तोंड लावलंय का? गावात विचार."

मग तिथली पिल्लं तुम्हीच घ्या, मी म्हटलं. सदतीस आहेत, आणखी चाळीस घ्या.

सासूबाईंनी हातातला मका खाली ठेवला. "सदतीस ही उरलेली आहेत, ओरालिया. दोन मी पुरलीयत. कपडे मीच शिवले होते. एवढेसे कपडे शिवायला वेळ लागत नाही गं. लगेच होऊन जातात."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. बॅग मात्र भरली.

मेच्या मध्याला एका दुपारी डोंगराच्या मागून काळे ढग चढून आले. आब्दिआसनं टॅक्सी दाराशी लावली, तादेआला पुढच्या सीटवर बसवलं आणि तिच्याभोवती उशा रचल्या. मी त्याला म्हटलं, अर्धा तास दे. अंगणात पिल्लांचं पोतं पडलं होतं, मोजून चाळीस. पोतं आणि फावडं घेऊन मी घळीच्या तोंडाशी गेले. लावून काही होईल असं मला वाटत नव्हतं. पण पोत्यात वाळताना बघवत नव्हतं.

चौथा खड्डा खणत होते तेव्हा सासूबाई शेळ्यांच्या पाण्याची बादली हातात घेऊन वर आल्या. आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हे काय चाललंय, बाप्तिस्मा नाही, नाव नाही, आणि पावसाच्या तोंडावर अशीच उभी करतेस, असं विचारू लागल्या. मी थकले होते. म्हटलं, "मरू देत. बेवारशीच आहेत, कुणाला कपडे शिवायला नकोत."

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. लेकरू अखेरच्या घटकेला टेकलं असेल आणि बाप्तिस्मा झालेला नसेल, तर पाद्रीबाबांची वाट बघत नाहीत. जो जवळ असेल त्यानं पाणी घालायचं, जे उभे असतील ते धर्ममाता आणि धर्मपिता. पाव नको, मेस्काल नको, मागणं नको. आणि तिथून निघून जायची मुभा कुणालाच नसते. सासूबाईंनी बादली खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या. मग थबकल्या. एक पुरुष लागतो.

डोंगरावर पुरुष एकच होता. वळसा घालून शेळ्या घरी नेताना सेलेरिनोकाका पन्नास पावलांवर थांबले होते आणि आमच्याकडे बघत नाही असं दाखवण्यासाठी एका दगडाकडे फार निरखून बघत होते.

"सेलेरिनो," सासूबाईंनी हाक मारली.

काकांनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी सेलेरिनो आलाय का म्हणून.

"ये इकडे. हे धर."

ते आले. हॅट काढली. सासूबाईंनी त्यांच्या हातात पिल्लू दिलं, ओंजळभर पाणी घेतलं आणि विचारात पडल्या. नाव? काका म्हणाले, हुआन चालेल. पाणी पडलं. दुसरं पिल्लू पोत्यातून काढून सासूबाईंनी त्यांच्यापुढे केलं आणि माझ्यासमोर, अकरा वर्षांनी, कुणीही कुणाची माफी न मागता म्हणाल्या, "धरा, कोम्पाद्रे."

मी खणत गेले, ते दोघं मागून पाणी घालत आले. तेविसाव्याला ओळखीचे संत संपले. मग गेलेल्या नातेवाइकांची नावं झाली, मग पुढाऱ्यांची निघाली, ती सासूबाईंनी नाकारली, म्हणे आधीच जगणं कठीण. मग काका बँडकडे वळले. एका घायपाताचं नाव ट्रॉम्बोन आहे. एकतिसाव्याला थेंब पडायला लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की बादली राहू दे आता. खालून आब्दिआसनं दोनदा हॉर्न वाजवला, तिसऱ्यांदा मात्र वाजवला नाही. नंतर पाहिलं तर तो टॅक्सी बंद करून, तादेआला पोटाशी धरून दारात उभा होता.

पाऊस तीन दिवस पडला. पहिल्या दिवशी मी दर तासाला बॅगेला हात लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी खाली येणारा आवाज गेल्या वर्षीसारखा नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडीप झाली आणि आम्ही सगळे वर गेलो. दगडांच्या मागे लाल गाळ वीतवीतभर साठला होता आणि त्यात दोनशे बारा घायपातं मानेपर्यंत रुतून बसली होती. फिलेमोनकाकांची छत्री गेली होती, पिल्लू होतं. घळीच्या तोंडाशी चाळिसातली एकोणतीस उभी होती. घळ मागच्या पावसात जिथे थांबली होती तिथेच थांबलेली. अकरा पिल्लं वाहून खालच्या दगडांत अडकली होती, मोडलेली.

सासूबाईंनी त्या रात्री अकरा मुकुट केले, चंदेरी कागदाचे. दुसऱ्या दिवशी सेलेरिनोकाका स्वच्छ शर्ट घालून पुढे चालले, सासूबाई त्यांच्या शेजारून, आणि मागून गाव. कुणीही हसलं नाही. आब्दिआसचा चेहरा एकदा बिघडायला लागला तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला. आई म्हणून मला सगळ्यात पुढे उभं केलं होतं. एकेक पिल्लू मुकुटासकट मातीत जात होतं, काका नाव उच्चारत होते, आणि सासूबाई मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, की ही बाई रडत कशी नाही.

तिथून खाली आमचं घर दिसत होतं. चूल पेटलेली, खुराडं जागच्या जागी, आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तादेआ शेजारणीच्या हातून मक्याची रोटी खात होती. तिच्या पायापासून पुढे अंगण होतं, अंगणभर ऊन होतं, आणि ते संपतच नव्हतं. मग मला रडू आलं. इतकं की थांबेना.

सासूबाईंनी समाधानानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता कशी," त्या कोम्पाद्रेंना हळूच म्हणाल्या, "आई वाटतेय."

कोम्पाद्रेंनी मान हलवली, आणि हॅट छातीशी धरून पुढचं नाव घेतलं.